रिगातलं जेवण: दोघांना दिवसाला किती युरो लागतील?

पत्र: ताई, नमस्कार. आमचा धाकटा मुलगा लॅटव्हियात, रिगाला इंजिनिअरिंग शिकतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा पदवीदान समारंभ आहे, म्हणून आम्ही दोघं दहा दिवसांसाठी जातोय. मुलाने स्वयंपाकघर असलेली खोली बघून ठेवली आहे. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता गाडी अडली आहे ती जेवणावर. ह्यांनी कुठला तरी जुना व्हिडिओ बघून ठरवलंय की दोघांना दिवसाला पंचवीस युरो बास. मुलगा म्हणतो, शंभर धरा, नाहीतर प्रत्येक ताटासमोर पाढे म्हणत बसाल. हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. ह्यांचं म्हणणं, कणीक, डाळ, तांदूळ, तूप सगळं इथूनच न्यायचं आणि बाहेर खायचंच नाही. एवढ्या लांब जाऊन मी पोळ्याच लाटायच्या का? शिवाय समारंभानंतर मुलाच्या सात-आठ मित्रांना जेवायला न्यायची माझी फार इच्छा आहे. हौस आणि खिसा दोन्ही कसं सांभाळू? – एक सातारकर आई

उत्तर: ताई, लेकाचं आधी अभिनंदन. आणि आकडाही आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या घरातलं भांडण आकड्यावरून आहे. दोघांना दिवसाला पन्नास युरो धरा. दहांतले दोन दिवस मोकळ्या हाताने खर्च करायचे, त्या दिवशी शंभर. म्हणजे सहाशे. मित्रांच्या जेवणाचे दीडशे वेगळे काढा आणि पन्नास वर ठेवा. आठशे युरोत सगळं निभावतं. एका युरोला शंभर रुपये आणि वर थोडे, असा भाव धरलात तर रुपयांतला आकडा तुमच्या यजमानांनी हे वाचता वाचताच काढला असेल.

त्यांचा पंचवीसचा आकडा अगदीच हवेतला नाही. पाच-सात वर्षांपूर्वी रिगात त्या पैशांत दोघांची दोन वेळची सोय नक्की होत असे. पण 2022 साली लॅटव्हियात महागाई वर्षभरात सतरा टक्क्यांच्या आसपास वाढली, युरोपातल्या सर्वाधिक वाढींपैकी ती एक होती. वीज, गॅस, धान्य, सगळ्याचे भाव एकदम चढले, आणि खानावळींनी वाढवलेले दर पुढे महागाईचा वेग मंदावला तरी खाली आणले नाहीत. हे फक्त तिकडेच होतं असं नाही, आपल्या मिसळीचा दर कधी उतरलाय? त्यामुळे जुन्या व्हिडिओतली ठिकाणं बघा, भाव बघू नका.

मुलाचे शंभर कुठून आले तेही सांगते. मित्रांबरोबर शनिवारी संध्याकाळी जुन्या शहरात बसलं की असंच बिल होतं. रिगात एकच पदार्थ किती युरोला पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कुठल्या गल्लीत बसलात आणि किती वाजता बसलात. डोम चौकात किंवा लिवू चौकात, फुलांच्या कुंड्या लावलेल्या छत्र्यांखाली, संध्याकाळी सातला मुख्य पदार्थ पंधरा ते पंचवीस युरोला जातो. पेय वेगळं, गोड वेगळं. तिथून स्वातंत्र्य स्मारकाच्या बाजूने कालवा ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चाललात की बारोना, तेर्बातास, गेर्त्रूदेस या रस्त्यांचा भाग लागतो. तिथे ऑफिसं आहेत, कॉलेजं आहेत, आणि रोज जेवायला बाहेर पडणारी माणसं आहेत. सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान तिथल्या दारांवर पाटी दिसेल: ‘दिएनास पिएदावायुम्स’, म्हणजे आजचं खास जेवण. सूप आणि एक भरपूर पदार्थ, आठ ते अकरा युरो. अनेकदा तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, आणि संध्याकाळी तेच ताट दुप्पट.

म्हणून दिवसाचं मोठं जेवण दुपारी, बाहेर. संध्याकाळी खोलीवर हलकं काहीतरी. पोळ्या लाटायच्या की नाहीत हा प्रश्न यातून बराचसा सुटतो. शनिवार-रविवारी दुपारचे स्वस्त बेत नसतात, ते दोन दिवस बाजाराचे किंवा मोकळ्या हाताचे.

अजून एक. जूनअखेर तिथे सूर्य रात्री सव्वादहाच्या पुढे मावळतो. उजेड बघून आपल्याला वाटतं की अजून संध्याकाळच आहे, आणि खानावळींची स्वयंपाकघरं मात्र नऊ-साडेनऊला आवरायला लागलेली असतात. भूक लागेपर्यंत थांबाल तर जी जागा उघडी सापडेल ती महागडीच असेल.

आता थाळीवाटीच्या खानावळींबद्दल. तिकडे त्यांना ‘एद्नीत्सा’ म्हणतात, आणि त्यातली सगळ्यांना माहीत असलेली साखळी म्हणजे लिडो. 1987 पासून चालू आहे, शहरात बऱ्याच शाखा आहेत, आणि क्रास्ता रस्त्यावर पवनचक्कीवालं भलंमोठं लाकडी घर आहे तीही त्यांचीच जागा. पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवायचं आणि घ्यायचं. भाषेची अडचण नाही, वाट बघणं नाही, टिप नाही. तुम्हा दोघांना तिथे सगळ्यात मोकळं वाटेल.

पण ट्रे पुढे सरकवताना जरा लक्ष ठेवा, कारण पैसे तिथेच सांडतात. समजा तुम्ही बटाट्याचे पॅनकेक घेतले, साधारण साडेचार युरो. छान. पुढे बीटाची कोशिंबीर दिसली, छोटी वाटी, अडीच. मग सूपचं भांडं येतं, तीन-साडेतीन. पॅनकेकबरोबर आंबट साय हवी, तिची इवलीशी वाटी वेगळी, सत्तर-ऐंशी सेंट. काळ्या पावाचे काप एकेक मोजून. क्रॅनबेरीचं सरबत दोन युरो. आणि गल्ल्याच्या अगदी अलीकडे, जिथे रांग थांबते तिथे, काचेमागे केक. तो न घेता पुढे गेलेला माणूस मी बघितलेला नाही. सात युरोचं जेवण असं चौदाच्या पुढे जातं. उपाय सोपा आहे: ट्रे न उचलता आधी एकदा सगळं टोकापर्यंत चालत बघून या, मग रांगेत उभे राहा. आणि दोघांत मिळून एक सूप पुरतं, वाट्या मोठ्या असतात.

शाकाहाराचं बोलू. ताई, तुम्हाला काही त्रास नाही, तुमच्या यजमानांना थोडा आहे, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही. लॅटव्हियन स्वयंपाकाचा पाया बटाटा, राय (आपली राई नव्हे, गव्हासारखं एक धान्य), बीट, कोबी, दूधदुभतं आणि शेपू हा आहे. गोची एवढीच की त्यात डुकराची चरबी कुठे घुसेल सांगता येत नाही. करड्या वाटाण्याची उसळ हा त्यांचा मोठा मानाचा पदार्थ, पण ती तळलेल्या डुकराच्या तुकड्यांशिवाय सहसा करत नाहीत. बेकरीतले छोटे अर्धचंद्राकृती ‘पिरागी’ दिसायला अगदी आपल्या करंज्या, आत मात्र मांस. शिजवलेला कोबी बहुतेक वेळा चरबीत परतलेला. भाज्यांच्या सुपाचं पाणीसुद्धा हाडांचं असू शकतं. गुलाबी रंगाचं थंडगार बीटाचं सूप, ‘औक्स्ता जुपा’, उन्हाळ्यात सगळीकडे मिळतं आणि केफिरमध्ये केलेलं असतं. केफिर म्हणजे आंबवलेलं पातळ दही. फार सुरेख लागतं. पण वर उकडलेलं अंडं असतंच आणि आत कधीकधी सॉसेजचे तुकडे. तुम्ही विचारून घ्या, यजमानांना नुसतं बघू द्या.

दोन-तीन शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा. ‘बेज गाल्यास’ म्हणजे मांसाशिवाय, ‘बेज जिव्स’ माशाशिवाय, ‘बेज ओलाम’ अंड्याशिवाय. तरुण वाढप्यांना इंग्रजी उत्तम येतं, हे शब्द बाजारातल्या आजीबाईंसाठी. आणि ‘हे शाकाहारी आहे का’ एवढंच विचारू नका. ‘सूप कशाच्या पाण्यात केलंय, कशात तळलंय’ असं विचारा. तिथली माणसं तुटक बोलतात, हसणं कमी, पण विचारलेल्याचं उत्तर खरं देतात. आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतील. तो रागीटपणा नाही, पद्धतच तशी आहे.

यजमानांसाठी डोळे मिटून चालणाऱ्या गोष्टी: उकडलेले नवे बटाटे, वर शेपू, बाजूला ‘बिएज्पिएन्स’ आणि आंबट साय. बिएज्पिएन्स म्हणजे पाणी काढून टाकलेलं भुसभुशीत दुधाचं चीज, पनीर आणि चक्का यांच्या मधलं काहीतरी. या ताटात पारंपरिक पद्धतीत हेरिंग मासाही असतो, तो घालू नका म्हणून सांगायचं. शिजवलेला बकव्हीट, आपण ज्याला कुट्टू म्हणतो, तो भाताऐवजी जवळजवळ सगळीकडे मिळतो. आणि काळा राय पाव, ‘रुप्यमाइजे’. राय, पाणी, मीठ, माल्ट, बहुतेक वेळा शहाजिरं, एवढाच मामला. अंडं नाही, दूध नाही, आणि चार-पाच दिवस सहज टिकतो. याच पावाचा चुरा, फेटलेली साय आणि आंबट बेरीचा जॅम यांचे थर लावून एक गोड पदार्थ करतात, ‘रुप्यमाइजेस कार्तोयुम्स’. साडेचार-पाच युरोला ग्लासात भरून येतो. दोघांत एक घ्या, नंतर भांडण होईल, मग दुसरा घ्या.

चतुर्थी-एकादशी आलीच मध्ये तर काळजी नको. बटाटा, दही, फळं यांत रिगा कमी पडणार नाही.

भारतीय हॉटेलं रिगात आहेत. हजारो भारतीय विद्यार्थी तिथे शिकतात, त्यामुळे वाणसामानाची भारतीय दुकानंही झाली आहेत. पण हॉटेलात भाजी बारा ते सोळा युरो, भात वेगळा, नान वेगळा. आणि चव सगळीकडे मिळते तीच, लाल ग्रेव्हीची. सातारच्या बाईने बारा युरो देऊन पालक पनीर खावं असं मला तरी वाटत नाही. फारच आठवण आली तर एकदा जा.

आता बाजार. माझ्या मते हा तुमच्या प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद ठरेल, आणि खर्चही इथेच वाचेल. रिगाचा मध्यवर्ती बाजार रेल्वे आणि बस स्थानकाला लागून, डौगावा नदीच्या बाजूला आहे. कमानीच्या छपरांचे पाच अवाढव्य मंडप. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी झेपेलिनसाठी, म्हणजे वायूने भरलेल्या लांबट हवाई जहाजांसाठी, जे हँगर उभारले होते त्यांच्या सांगाड्यातून हे मंडप बांधले आणि 1930 साली बाजार उघडला. मांस, मासे, दूधदुभतं, भाज्या, पाव आणि तयार खाणं, प्रत्येकाला आपापला मंडप. यजमानांना माशांच्या मंडपातून आत नेऊ नका. धुरवलेल्या माशांचा वास आतपर्यंत भरलेला असतो, दिवस तिथेच संपेल. दूधदुभत्याच्या बाजूने जा.

भाज्यांच्या मंडपात आंबवलेल्या कोबीच्या बायका बसतात. पांढरं ॲप्रन, समोर रांगेने बादल्या: साधा कोबी, गाजर घातलेला, क्रॅनबेरी घातलेला, शहाजिऱ्याचा. तुम्ही नुसतं रेंगाळलात तरी लांब काट्यावर एक घास पुढे येतो. चाखा, लाजू नका, विकायची रीतच ती आहे. आवडलं तर पाव किलो मागा, पिशवीत बांधून देतात, दोन-तीन युरोच्या आत काम होतं. शेजारी जूनमध्ये हलक्या मिठात मुरवलेल्या काकड्या येतात, शेपू, लसूण आणि ब्लॅककरंट या काळ्या बेरीच्या झुडपाची पानं घालून. रात्री खोलीवर मुगाची खिचडी, वर या काकड्या आणि एक ग्लास ‘पानिन्यास’, म्हणजे ताकच. यापेक्षा शहाणं जेवण त्या शहरात नाही, आणि दोघांचं मिळून तीन-चार युरोत होतं.

भांगेच्या बियांचं लोणी नावाचा एक काळपट प्रकारही तिथे मिळेल. नावाला घाबरू नका, नशा वगैरे काही नसते. कारळ्याची चटणी लोण्यात कालवल्यासारखा लागतो, काळ्या पावावर जाड थर लावून खायचा. छोटी डबी घ्या, यजमानांना आवडेल असं माझं भाकीत आहे. आणि ‘स्क्लांद्रौसिस’ दिसला तर तुम्ही तरी नक्की घ्या: रायच्या पिठाची छोटी वाटी, आत खाली बटाटा, वर गोडसर गाजर. लॅटव्हियाच्या पश्चिमेकडच्या कुर्जेमे भागातला पदार्थ, युरोपीय संघाने 2013 मध्ये त्याला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. सारणात अंडं असतं, म्हणून यजमानांना नाही.

फळांबद्दल सावध. जूनमध्ये स्ट्रॉबेरीचे ढीग असतात, पण सगळी लॅटव्हियाची नसते. पाटीवर देशाचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा. तिथली महाग असते, आणि ती महाग असण्याच्या लायकीची असते. बाहेरची घ्यायची असेल तर मग सुपरमार्केटच बरं. बाजारात सुट्टे युरो जवळ ठेवा, आणि दुपारी उशिरा जाऊ नका, संध्याकाळी लवकर मिटतो.

तुमच्या तारखांमध्ये एक मोठा खड्डा आहे, तो मुलाने सांगितला नसेल तर आत्ता ऐका. 23 आणि 24 जून हे लॅटव्हियातले वर्षातले सगळ्यात मोठे सण, लिगो आणि यान्यि. दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. सगळं शहर गावाकडे जातं, शेकोट्या पेटवतात, रात्रभर गातात. रिगा ओस पडतं. बऱ्याच खानावळी, छोटी दुकानं बंद, उरलेली कमी वेळ उघडी. पुण्यात दिवाळीच्या पाडव्याला डबेवाला शोधल्यावर जी गत होते ती तुमची होईल. तेव्हा 22 तारखेलाच दोन दिवसांचं दूध, पाव, बटाटे, फळं आणून ठेवा. सणाआधी डोम चौकात बाजार भरतो, फुलांचे आणि ओकच्या पानांचे मुकुट विकायला असतात, तो मात्र चुकवू नका. तिथे यान्यांचं चीज मिळेल, पिवळं, गोल, शहाजिरं घातलेलं. अंडं असतं त्यात, तुम्ही खा. मुलाच्या एखाद्या लॅटव्हियन मित्राने गावी बोलावलं तर खर्चाचा विचार न करता जा. हातात काहीतरी न्या म्हणजे झालं, तुमचा चिवडा चालेल.

चिवड्यावरून सामानाकडे येते. यजमानांना एक वाक्य वाचून दाखवा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पनीर नाही, खव्याचे पेढे नाहीत, कंदी पेढे तर नाहीतच. सातारच्या माणसाला हे सांगताना मलाही वाईट वाटतंय. बेसनाचे लाडू कशात मोडतात ही चर्चा कस्टम्सच्या टेबलावर करायची हौस नसेल तर तेही राहू द्या. ताजी फळं-भाज्याही बहुतेक सगळ्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, म्हणून हापूसची पेटी आणि कढीपत्ता घरीच. लोणी तिथे झकास मिळतं, मंद आचेवर कढवा, अर्ध्या तासात तूप. डाळ, तांदूळही तिथे मिळतात, त्यासाठी वजन घालवू नका. न्यायचंच असेल तर जे तिथे मिळणार नाही ते न्या: गोडा मसाला, मेतकूट, दाण्याची चटणी, पातळ पोह्यांचा चिवडा, थोडी कणीक, तेलातलं लोणचं मोठ्या बॅगेत नीट बांधून.

सुपरमार्केटमध्ये रिमी आणि मॅक्सिमा ही दोन नावं पदोपदी दिसतील. तिथे पाटीवर पुष्कळदा दोन भाव असतात. मोठ्या अक्षरातला स्वस्त भाव कार्ड असलेल्यांचा, कार्ड नसलेल्याला बारीक अक्षरातला लागतो. गल्ल्यावर जाऊन हुज्जत घालायच्या आधी मुलाचं कार्ड मागून घ्या, त्याच्याकडे असणारच. पाण्याच्या बाटलीवर दहा सेंट अनामत जास्तीचे लागतात, 2022 पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते, ते पैसे वळते होतात. तसं पाणी विकत घ्यायची गरजच नाही, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. मोठ्या दुकानांत गरम पदार्थांचा काउंटर असतो, वजनावर विकतात, थकून आलेल्या संध्याकाळी तोही उपयोगी.

कॉफी तीन ते चार युरो, केकचा तुकडा चार-पाच. दिवसातून एकदा, बसून, आरामात. हा खर्च पन्नासात धरलेला आहे, तो वाचवायला जाऊ नका. टिप सक्तीची नाही. वाढपी असलेल्या जागी सेवा आवडली तर पाच-दहा टक्के ठेवा, पण आधी बिल वाचा, काही ठिकाणी सेवाशुल्क लावूनच येतं. भावाची यादी न दाखवणाऱ्या जागी बसू नका, विशेषतः जुन्या शहरात रस्त्यावर उभं राहून आग्रहाने आत बोलावणाऱ्यांकडे. आणि भारतातलं कार्ड वापराल तेव्हा यंत्र विचारेल, पैसे युरोत कापू की रुपयांत? रुपये बघून जीव सुखावतो, म्हणून लोक तेच बटण दाबतात आणि वाईट दराने गंडतात. युरो दाबा. ही एक सवय तुमच्या दोन-तीन कॉफ्या सोडवेल.

भेटी म्हणून लाइमा कंपनीचं चॉकलेट घ्या, 1870 पासूनचं नाव आहे आणि सुपरमार्केटमध्ये विमानतळापेक्षा स्वस्त मिळतं. काळा बाल्साम नावाचं कडू औषधी मद्य सगळे आणायला सांगतील. त्यात 45 टक्के अल्कोहोल असतं, आणणारे पुष्कळ, दुसऱ्यांदा पिणारे थोडे.

राहिलं मित्रांचं जेवण. ताई, ते नक्की करा, फक्त रात्रीचं करू नका. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, वार शुक्रवारच्या आतला असेल असं बघून, दुपारी न्या. दहा माणसं, माणशी बारा-पंधरा युरो, दीडशेत गोड धरून होतं. तेच रात्री जुन्या शहरात तीनशेच्या पुढे जाईल, त्यात पोरांनी बिअर मागवली तर विचारूच नका. आणि बोलावतानाच मुलाकडून स्पष्ट सांगून ठेवा की हे आईबाबांकडून आहे. तिकडे मित्रमैत्रिणी जेवायला गेले की आपापलं बिल आपण देतात, त्यामुळे न सांगता बसलात तर पोरं भाव बघून सूपच मागवतील. त्यांतले बरेच जण आठवड्याचे काही तास काम करून खर्च भागवणारे असतील, त्यांना आधी कळलं तर मोकळेपणाने जेवतील.

दुसरा पर्याय, मला जास्त आवडणारा: समारंभाच्या संध्याकाळी खोलीवर पोहे आणि चहा, दुपारी बाहेर जेवण. पोह्यांसाठी तुम्हाला एक तास उभं राहावं लागेल, पण ते काम लेकाला आणि त्याच्या मित्रांना लावा. कांदा चिरायला आठ जण असतील.

यजमानांच्या पाढ्यांचं काय करायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगते. आठशे युरो निघायच्या आधीच वेगळे काढून त्यांच्याच हाती द्या आणि रोज सकाळी पन्नास त्यांनीच तुमच्याकडे मोजून द्यावेत असं ठरवा. हिशेब त्यांचा, मेनू तुमचा. संध्याकाळी उरलेले युरो दुसऱ्या दिवशीच्या केकचे. दर ताटाला शंभराने गुणायची गरज त्यांना वाटणार नाही, कारण गुणाकार साताऱ्यातच झालेला असेल. आणि दहांतल्या एका जेवणाचं बिल मुलगा देतो म्हणाला तर देऊ द्या. जागाही त्यालाच निवडू द्या.

समारंभाची नक्की तारीख कळली की दुपारच्या टेबलासाठी त्याला लगेच फोन करायला सांगा. दहा जणांचं शाकाहारी टेबल कोणालाही ऐनवेळी जमत नाही, आणि जूनअखेरीस पदवीदानाची गर्दी सगळ्याच विद्यापीठांची असते.